विद्यार्थी विभागातली मधली खुर्ची: रुजू होण्यापासून कार्यभार सोपवण्यापर्यंत

विद्यापीठात विद्यार्थ्यांची कामं पाहणारी माणसं साधारण तीन थरांत बसतात. खिडकीवर लिपिक आणि वरिष्ठ लिपिक. वर कुलसचिव, संचालक, अधिष्ठाता. आणि या दोघांच्या मधे कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, विद्यार्थी विकास अधिकारी, वसतिगृहाचे रेक्टर. धोरण वर ठरतं, शिक्का खाली बसतो आणि उशीर झाला की दोन्हीकडचे मधल्याकडे बोट दाखवतात. हा लेख त्या मधल्या माणसासाठी.

पुण्यात या खुर्चीवर भार जरा जास्तच येतो. १९४९ मध्ये स्थापन झालेलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांच्या महाविद्यालयांचं काम पाहतं. शिवाय शहरात अभिमत आणि खासगी विद्यापीठं आहेत, आणि मराठवाडा-विदर्भातून आलेली मुलं सगळीकडेच आहेत. नाशिकहून एका सहीसाठी निघालेला मुलगा पहाटे वाकडेवाडीला उतरतो, गणेशखिंडीत येऊन रांगेत उभा राहतो आणि दुपारी त्याला कळतं की साहेब बैठकीला गेलेत. माझ्या मते या खुर्चीचं मुख्य काम एकच आहे: विद्यार्थ्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपण न्यायचा, तो घेऊन त्याला हिंडवायचं नाही. खाली जे काही सांगितलं आहे ते याच एका कामासाठी.

आधी आपल्या सहीची हद्द शोधा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या योजनांचे प्रस्ताव लिहायला बसू नका. आधी आपल्या पदाला नेमके कोणते अधिकार दिलेत ते कागदावर शोधा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६, त्याखालचे परिनियम आणि आपल्या विद्यापीठाचे अधिकार प्रदान करणारे आदेश, एवढं हाताशी हवं. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात असाल तर त्यांची स्वतःची नियमावली पाहा.

मग कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात आपल्या सहीने संपणारी कामं: बोनाफाईड, शिफारसपत्र, ठरावीक मर्यादेतला खर्च. दुसऱ्यात आपण टिपणी लिहून वर पाठवायची कामं: फी सवलत, हंगामी परीक्षा अर्ज, वसतिगृहातून काढण्याची कारवाई. तिसऱ्यात आपण हातही लावायचा नाही अशी कामं: चौकशी समितीचा निर्णय, गुण, लैंगिक छळाच्या तक्रारीची शहानिशा. हा कागद काचेखाली ठेवा. पहिल्या रकान्यातली कामं वर पाठवायची सवय फार लवकर लागते, कारण वर पाठवलं की जबाबदारी गेल्यासारखी वाटते. त्यात विद्यार्थ्याचे मात्र पंधरा दिवस जातात.

त्याच आठवड्यात प्रलंबित अर्जांचं रजिस्टर मागवा. ‘रजिस्टर नाही, सगळं लक्षात असतं’ असं उत्तर आलं, तर पहिलं काम तेच.

वर्ष शेवटाकडून मांडा

शैक्षणिक दिनदर्शिका सगळेच भिंतीवर लावतात. तुम्ही आपली वेगळी करा आणि ती शेवटच्या तारखेकडून मागे मोजत या. परीक्षा अर्जाची अंतिम तारीख समजली, की त्याआधी पात्रता प्रमाणपत्रं निघायला हवीत. त्याआधी स्थलांतर प्रमाणपत्रं जमा व्हायला हवीत. म्हणजे त्यांची आठवण प्रवेशाच्या दिवशीच द्यायला हवी.

पुण्याचं स्वतःचं पंचांगही यात धरा. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या शहरात मुक्कामी असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेसह बरेच रस्ते वाहतुकीला बंद असतात, आणि हे नेमकं प्रवेशाच्या हंगामात येतं. गणेशोत्सवाच्या आठवड्यात कोणतीही शेवटची तारीख ठेवू नका. ठेवली तर ती वाढवावीच लागते, मग पहिल्यांदाच नीट ठरवलेली काय वाईट? ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या असतात. महाविद्यालयातली निम्मी नाटकवाली मुलं रात्री तालमीला आणि सकाळी हजेरीच्या यादीत लाल शाईत. विभागप्रमुखाला आधीच पत्र गेलं असेल, तर सत्राच्या अखेरीस या मुलांसाठी कुणाला रदबदली करावी लागत नाही.

सत्राच्या सुरुवातीला बोनाफाईडची लाट येते: पीएमपीच्या पासासाठी, बँक खात्यासाठी, शैक्षणिक कर्जासाठी. त्या पंधरवड्यात दुसऱ्या टेबलावरचा एक माणूस तात्पुरता खिडकीवर बसवा. एवढंच पुरतं.

खिडकीवरचा कागद

अर्ज आला की चार गोष्टी तिथल्या तिथे व्हाव्यात: आवक क्रमांक, पोच, कुणाच्या टेबलावर गेला त्याची नोंद आणि पुढची तारीख. यातली शेवटची सर्वात महत्त्वाची आणि सर्वात जास्त टाळली जाणारी. ‘उद्या या’ ही तारीख होत नाही. ‘मंगळवारी दुपारी तीननंतर एसएमएस येईल, नाही आला तर या क्रमांकावर फोन कर’ ही होते.

अपूर्ण अर्ज परत करायचा असेल तर काय कमी आहे ते एकदाच आणि सगळं लिहून द्या. आज गॅपचं प्रतिज्ञापत्र, परवा शाळा सोडल्याचा दाखला, पुढच्या आठवड्यात फोटो मागून घेणं म्हणजे कामात काटेकोरपणा नव्हे, तो निव्वळ छळ आहे. मूळ कागदपत्रं तपासून तिथेच परत करायची. ती संस्थेने अडकवून ठेवू नयेत हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट केलं आहे, तरी ‘फी बाकी आहे म्हणून एलसी देत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं. तुमच्या विभागातून ते ऐकू आलं तर त्याच दिवशी थांबवा.

वर पाठवायची टिपणी कशी असावी, यावर एक नमुना. परराज्यातून आलेल्या मुलीचं पात्रता प्रमाणपत्र अडलं आहे आणि परीक्षा अर्जाची तारीख जवळ आली आहे, असं समजा.

‘अर्जदार विद्यार्थिनीने स्थलांतर प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर केले असून त्याची पोच सोबत जोडली आहे. मूळ विद्यापीठाकडून गुणपत्रक पडताळणी येणे बाकी आहे. त्यासाठी या कार्यालयाने पत्र व स्मरणपत्र पाठविले आहे. विलंब अर्जदाराकडून झालेला नाही. पडताळणीच्या अधीन राहून परीक्षा अर्ज हंगामी स्वरूपात स्वीकारण्यास हरकत नसावी. मान्यतेस्तव सादर.’

‘विलंब अर्जदाराकडून झालेला नाही’ या वाक्यासाठी ही टिपणी लिहायची. वरचे साहेब दिवसाला शंभर कागद पाहतात, चूक कुणाची ते शोधायला त्यांना वेळ नसतो. आणि आपलं मत न लिहिता नुसतं ‘निर्णयास्तव सादर’ म्हणून फाईल वर ढकलली, तर ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन ती परत येते. चर्चेला वेळ मिळतो पुढच्या आठवड्यात.

औपचारिक तक्रार असेल तर तिचं घड्याळ वेगळं चालतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करू शकतो आणि लोकपालांनी ३० दिवसांत ते निकाली काढणं अपेक्षित असतं. अपिलाची ही वाट निर्णयाच्या पत्रातच छापा. ती लपवून ठेवली तर मुलगा थेट मंत्रालयात नाहीतर वर्तमानपत्रात जातो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

शिष्यवृत्ती: सर्वात जास्त वेळ इथे द्या

बाकीच्या गोष्टींत उशीर झाला तर त्रास होतो. शिष्यवृत्तीत उशीर झाला तर शिक्षण सुटतं.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज विद्यार्थ्याकडून संस्थेच्या लिपिकाच्या लॉगिनला, तिथून प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या लॉगिनला आणि मग संबंधित खात्याकडे जातो. अडकतो बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे आपल्याच घरात. म्हणून दर सोमवारी दोन्ही लॉगिनमधली प्रलंबित संख्या मागवा. प्राचार्यांचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो हेही विचारून घ्या. तो फोन असलेली व्यक्ती दिवाळीच्या रजेवर असली, की सगळी महाडीबीटी रजेवर जाते.

एक उदाहरण जवळून पाहू. औसा तालुक्यातून आलेली मुलगी, प्रथम वर्षाला. अर्ज परत आला, तिला कळलं महिन्याने. कारण तिने अर्जात दिलेला मोबाईल वडिलांचा होता आणि संदेश गावी गेला. उघडून पाहिलं तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. नवा दाखला तिच्या तहसीलमधूनच मिळणार. ती त्यासाठी गावी जाऊन आली, अर्ज पुन्हा भरला, मंजूरही झाला आणि पैसे आले नाहीत. आले होते, पण दुसऱ्या खात्यात. पुण्यात मेसवाल्याला ऑनलाईन पैसे देण्यासाठी तिने नवं खातं उघडलं, बँकेने ते आधारशी जोडलं, मग जुनी जोडणी सुटली. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. अर्जात कोणतं खातं लिहिलंय ते कुणी पाहत नाही. या गोंधळात मुलीचा दोष कुठे आहे? हे तीनही अडथळे प्रवेशाच्या दिवशी तीन प्रश्नांनी टळले असते: मोबाईल कुणाचा, दाखल्याची मुदत कधीपर्यंत, आधारशी जोडलेलं खातं कोणतं. हे तीन प्रश्न प्रवेश अर्जाच्या मागे छापून घ्या आणि खिडकीवरच्या माणसाला तोंडी विचारायला लावा.

जात वैधता प्रमाणपत्राचा घोळ निराळा. ते मिळतं मूळ जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, त्यामुळे नांदेडच्या मुलाला पुण्यातल्या कार्यालयात पाठवून काही उपयोग नाही. कोणता प्रश्न कुठल्या दारात सुटतो, याचा तक्ता करा: उच्च शिक्षण संचालनालय सेंट्रल बिल्डिंगमध्ये, अनुसूचित जातींसाठीची बार्टी क्वीन्स गार्डनला, मराठा समाजासाठीची सारथीही पुण्यातच, इतर मागास प्रवर्गासाठीची महाज्योती मात्र नागपूरला. फेलोशिपवाले पीएचडीचे विद्यार्थी या दारांमध्ये हेलपाटे घालत असतात. त्यांचा प्रगती अहवाल आणि घरभाडे भत्त्याचे कागद मार्गदर्शकाच्या टेबलावर किती दिवस पडून आहेत, ते विचारायचा अधिकार तुम्हाला आहे. वापरा.

फीबाबत दोन गोष्टी पाठच हव्यात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. लेखा विभागाच्या खिडकीवर या दोन्ही गोष्टींचं परिपत्रक चिकटवलेलं असावं. पालकाला कर्ज काढायला लावून नंतर परतावा देणं ही सवलत म्हणता येत नाही.

‘बघू, चौकशी करू’ म्हणायचं नाही अशा तक्रारी

रॅगिंगची तक्रार तोंडी आली, निनावी आली, मित्राने सांगितली, तरी ती तक्रारच. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरून काढलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. केली नाही तर तोही अपप्रेरणेत धरला जातो. आयोगाचे २००९ चे विनियम गुन्ह्याचे घटक दिसल्यास २४ तासांत एफआयआर करायला सांगतात. तुमचं काम हे घड्याळ सुरू करण्याचं: तक्रारीची वेळ लिहा, प्रमुखांना लेखी कळवा, तक्रारदाराला त्याच रात्री वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या मजल्यावर हलवा. ‘मुलांचं करिअर आहे, समजुतीनं घेऊ’ असा आवाज कुठून तरी येणारच. तो लेखी द्यायला सांगितलं की सहसा थांबतो.

लैंगिक छळाची तक्रार तुमच्याकडे आली तर ऐका, अंतर्गत समितीकडे पोहोचवा आणि थांबा. आरोप असलेल्याला बोलावून ‘दोन्ही बाजू’ ऐकायचा मोह धरू नका. ते समितीचं काम आहे. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने असते आणि समितीला ती वाढवता येते, त्यामुळे ‘उशीर झाला’ असं खिडकीवरच सांगून मुलीला परत पाठवण्याचा हक्क कुणालाच नाही. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. तडजोड फक्त तक्रारदार मुलीने मागितली तरच, आणि पैशाच्या बदल्यात कधीच नाही. तिचं नाव आवक रजिस्टरवर लिहू नका. बंद लिफाफा, फक्त क्रमांक.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बारावी करून आलेली मुलगी किंवा मुलगा अनेकदा सतरा वर्षांचा असतो. तिथे पोक्सो, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून अशा तक्रारीत आधी जन्मतारीख पाहा.

रात्रीचा फोन

वसतिगृहाच्या रेक्टरचा रात्री फोन येतो तो नळाला पाणी नाही म्हणूनही येतो आणि खोलीचं दार आतून बंद आहे म्हणूनही. दुसऱ्यासाठी आधीच ठरलेली साखळी हवी: दार कोण उघडणार, १०८ ला फोन कोण करणार, रुग्णालयात सोबत कोण जाणार, घरी कोण कळवणार आणि कोणत्या शब्दांत. रुग्णालयाच्या अनामत रकमेचं काय, हेही. पहाटे तीनला प्रशासकीय मान्यता मिळत नाही. तातडीच्या खर्चाची मर्यादा आधी मंजूर करून घ्या.

टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो खोल्यांच्या दारामागे लावा, सूचना फलकावर नको. फलकासमोर उभं राहून तो कुणी टिपून घेणार नाही. निकालाचा आठवडा, एटीकेटीची यादी लागली तो दिवस आणि स्पर्धा परीक्षेच्या निकालानंतरचे दिवस, या काळात समुपदेशकाची वेळ संध्याकाळची ठेवा. समुपदेशकाकडे कोण गेलं ते तुम्हाला कळायची गरज नाही. किती जण आले एवढा आकडा अहवालाला पुरतो.

अशा प्रसंगानंतर मुलगा काही दिवसांनी परत आला की हजेरी, अंतर्गत परीक्षा आणि खोली हे तिन्ही प्रश्न त्याने न विचारता सुटलेले असावेत. त्या अवस्थेत त्याला तीन विभागांत अर्ज करायला लावणं क्रूरपणाचं आहे.

निवेदन घेऊन आलेली मंडळी

विद्यार्थी संघटना निवेदन देतात, ठिय्या देतात, घोषणा देतात. पुण्यात हे नसेल तर काहीतरी बिघडलंय असं समजा. निवेदन उभ्याने घेऊ नका; बसवा, पाणी द्या, मागण्या एकेक करून वाचा. ज्या तुमच्या अखत्यारीत आहेत त्यांची तारीख तिथेच द्या आणि बाकीच्या कुणाकडे जातील ते नावानिशी सांगा. ‘सकारात्मक विचार करू’ हे वाक्य टाळा, त्याचा अर्थ आता सगळ्यांना कळतो. फोटो काढू द्या. आणि मागणी बरोबर असेल, तर वरती लिहिताना ‘संघटनेचा दबाव’ असं न लिहिता मागणीतली वस्तुस्थिती लिहा. मेसची डाळ पातळ आहे, हे कोणत्या झेंड्याखाली सांगितलं याला महत्त्व नाही.

बाकीचं, थोडक्यात

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ यांची मंजुरी सत्राच्या सुरुवातीलाच काढा. पेपरच्या दिवशी लेखनिक शोधत फिरायला लागता कामा नये. परदेशी विद्यार्थ्यांची पोलिसांकडची नोंदणी आणि व्हिसाची मुदत यांची यादी दर महिन्याला पाहा. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर यांच्या नोंदी शिबिरातच पूर्ण करा. इंद्रधनुष्य, आविष्कार, अश्वमेध या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या संघांबरोबर जाणाऱ्या शिक्षकांकडून अग्रिमाचं समायोजन, म्हणजे आगाऊ उचललेल्या रकमेचा हिशोब, परत आल्यावर लगेच घ्या. ३१ मार्चच्या आसपास लेखापरीक्षक विचारतात तेव्हा बसभाड्याची पावती कुणाच्याही खिशात नसते.

हाताखालची माणसं आणि कार्यभार

खिडकीवर अनेकदा कंत्राटी माणूस असतो. विद्यार्थ्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे तोच, आणि परिपत्रक सर्वात शेवटी पोहोचतं तेही त्याच्याकडेच. नवीन परिपत्रक आलं की सकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्या ते सगळ्यांना वाचून दाखवा. कोण कुणावर खेकसलं याची चौकशी चारचौघांत करू नका, दार लावून करा.

बदलीचा आदेश कधीही येतो, म्हणून कार्यभार हस्तांतरणाची टिपणी आदेश येण्याआधीपासून लिहीत राहा. तीत प्रलंबित अर्ज क्रमांकानिशी, प्रत्येक समितीची मुदत संपण्याची तारीख, पोर्टलचे लॉगिन कोणत्या मोबाईलला जोडलेत ते, आणि आपण तोंडी दिलेली आश्वासनं. शेवटची यादी लिहायला कुणाला आवडत नाही, पण नव्या अधिकाऱ्यासमोर पहिल्याच दिवशी मुलं येऊन ‘आधीच्या मॅडम हो म्हणाल्या होत्या’ असं सांगतात, तेव्हा त्याच्या हातात ती असायला हवी.